बघ्यांच्या घोळक्यात हात का उठत नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय की सकाळी ऑफिसच्या वेळेला पलासियाजवळ एका कारने कट मारला आणि साठीचे एक गृहस्थ स्कूटरसकट रस्त्यावर आपटले. कार थांबली नाही. बघता बघता वीसपंचवीस माणसं जमली, त्यांत तुम्हीही. दोघंतिघं व्हिडिओ काढत होते, बाकीचे ‘एम्बुलेंस बुलाओ, एम्बुलेंस बुलाओ’ म्हणत होते, पण फोन कोणीच लावला नाही. शेवटी मागून आलेल्या एका रिक्षावाल्याने दोघांना हाताशी धरून त्या गृहस्थांना रिक्षात घातलं आणि एम.वाय. हॉस्पिटलला नेलं. तुम्ही तिथेच उभे. आता तुमची झोप उडालीय, आणि तुम्ही विचारताय की इंदूरची माणसं एवढी दगड झालीत का, की तुम्हीच भित्रे.

मी इथल्याच एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत सिस्टर होते. निवृत्त झाल्यापासून शाळांत, सोसायट्यांत आणि पीथमपूरच्या कारखान्यांत प्रथमोपचार शिकवते. त्यामुळे रस्त्यावरून उचलून आणलेली माणसंही पुष्कळ पाहिली आणि त्यांना आणणारीही. तुमच्या दोन्ही शंकांना माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. दया नसती तर झोपही उडाली नसती. दया असूनही पाय का हलले नाहीत, हे शोधायला हवं. त्याची उत्तरं बरीच स्पष्ट आहेत, आणि त्यातली काही फक्त आपल्या देशापुरती आहेत.

या विषयावर कोणीही बोलायला लागलं की १९६४ सालच्या न्यूयॉर्कची गोष्ट निघते. क्वीन्स भागात किटी जेनोव्हीज या तरुणीचा पहाटे खून झाला, आणि अडतीस शेजाऱ्यांनी खिडकीतून पाहूनही बोट हलवलं नाही, असं न्यूयॉर्क टाइम्सने छापलं. जगभर हळहळ झाली. मात्र ती बातमी फुगवलेली होती. एका शेजाऱ्याने वरून ओरडून हल्लेखोराला पिटाळलं होतं. तो परत आला आणि दुसरा हल्ला मागच्या बाजूला झाला, जिथलं बहुतेकांना दिसतच नव्हतं. एक शेजारीण धावत खाली गेली आणि तिने त्या मुलीला जवळ धरून ठेवलं. २०१६ साली खुद्द त्या वर्तमानपत्रानेच आपल्या बातमीतली चूक मान्य केली. हे मुद्दाम सांगते, कारण ‘माणसं अशीच असतात’ असं म्हणून हात झटकायला ही गोष्ट फार सोयीची पडते.

तरी तिच्यातून एक चांगलं काम उभं राहिलं. डार्ली आणि लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर गप्पा मारायला लावल्या. मध्येच एकाला फिट आल्याचा आवाज येऊ लागला. तो आवाज रेकॉर्ड केलेला होता. हे ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले ८५ टक्के तो आवाज थांबायच्या आत मदतीला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले ३१ टक्केच. जबाबदारी वाटली गेली आणि प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर आली. पण तुमच्यासाठी महत्त्वाचं पुढेच आहे. जे उठले नाहीत ते काही निवांत बसले नव्हते. त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता, आणि खोलीत माणूस येताच त्यांनी पहिल्यांदा विचारलं की तो मुलगा बरा आहे ना. तुमच्या घोळक्यातही असे किती होते, कोण जाणे.

त्याच दोघांचा दुसरा प्रयोग धुराचा. एक जण खोलीत एकटाच फॉर्म भरतोय आणि भिंतीतून धूर येऊ लागतो. अशा वेळी चारांतले तीन जण बाहेर जाऊन सांगत. पण सोबत दोन ठरवून बसवलेली, ढिम्म न हलणारी माणसं असली, तर दहांतला एकच सांगे. बाकीचे डोळे चोळत, धूर हाताने बाजूला सारत फॉर्म भरत राहिले. काही गंभीर घडतंय की नाही हे आपण समोरच्याच्या चेहऱ्यावरून ठरवतो, आणि समोरचा आपल्या चेहऱ्यावरून. सगळेच चेहरे कोरे ठेवून उभे, म्हणजे ‘काही नसेल’ असा निकाल आपोआप लागतो. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत, कोणी फूटपाथवर बसकण मारली, तर तो नाचून दमलाय, भांग चढलीय की छातीत कळ आलीय, हे कसं ओळखणार? आजूबाजूचे नाचताहेत, म्हणून आपणही पुढे सरकतो.

माझ्या वर्गातही हे दर वेळी दिसतं. एखाद्याशी आधीच ठरवून ठेवते आणि शिकवणं चालू असताना तो खुर्चीवरून घसरून खाली पडतो. पाठ रंगात आलेला असतो, फळ्यावर छातीवर दाब कुठे द्यायचा त्याचं चित्र असतं. आणि सगळा वर्ग माझ्याकडे बघतो! पडलेल्याकडे नव्हे. जाणकार माणूस खोलीत आहे म्हटल्यावर प्रत्येकाने आपला भार माझ्यावर टाकलेला असतो. हाच खेळ चहाच्या सुट्टीत, मी बाहेर असताना केला, तर कोणीतरी खुर्ची सरकवून लगेच खाली बसतं. माणसं तीच, मघाचीच.

आता तुमचा रिक्षावाला. तो तुमच्यापेक्षा जास्त दयाळू होता, असं मला वाटत नाही. त्याच्या बाजूने दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे त्याच्याकडे गाडी होती, म्हणून काय करायचं हा प्रश्नच त्याला पडला नाही. दुसरी गोष्ट पुस्तकांत फारशी सापडत नाही, पण मला ती मोठी वाटते: तो उशिरा आला. तुम्ही पहिली दोन मिनिटं उभे राहिलात. तिसऱ्या मिनिटाला पुढे व्हायचं, तर ‘मग दोन मिनिटं काय करत होतो’ हे स्वतःला सांगावं लागतं. चौथ्या मिनिटाला ते आणखी जड जातं. उभं राहण्याचीच एक लाज साचत जाते आणि तीच पायांत येते. नव्याने येणाऱ्यावर हे ओझं नसतं. पंगतीत पहिला घास कोण घेतो याची सगळे वाट पाहतात, आणि उशिरा येऊन बसलेला सरळ जेवायला लागतो, तसं. म्हणून मी वर्गात सांगते की पहिल्या दहा सेकंदांत काहीतरी करा, अगदी गुडघे टेकून बसा, एवढंच.

वेळेचाही भाग आहे. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्रिन्स्टनमध्ये धर्मोपदेशक व्हायला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला पाठवलं, आणि वाटेत एक माणूस कण्हत बसवून ठेवला. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्क्यांनी त्याला काही ना काही मदत केली, उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी १० टक्क्यांनी. गंमत अशी की त्यांतल्या काहींचं भाषण वाटसरूला मदत करणाऱ्या माणसाच्या बायबलमधल्या गोष्टीवरच होतं, पण त्याने विशेष फरक पडला नाही. सकाळी साडेनऊला ए.बी. रोडवर बायोमेट्रिक हजेरीच्या धास्तीने निघालेला माणूस याहून वेगळा कसा वागेल?

अंगावरच्या कपड्यांनी, वासानेही निकाल लागतो. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत हे तपासलं गेलं. हातात काठी असलेला माणूस पडला की जवळजवळ प्रत्येक वेळी लोक उठले. दारूचा वास येणारा पडला तर साधारण निम्म्या वेळा. आपल्याकडे कलालीच्या आसपास कोणी आडवा दिसला की ‘पियेला है’ म्हणून विषय संपतो. मधुमेह्याची साखर उतरली की तो असाच दिसतो, हे तेवढं लक्षात ठेवा. घाम, अडखळती जीभ, झोकांडी, कधी चिडचिडसुद्धा. कॅज्युअल्टीत असे कित्येक ‘दारुडे’ आणले जायचे. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल, तर साखरेचं पाणी द्यावं, माणूस थोड्या वेळात स्वतःचं नाव सांगू लागतो. शुद्धीत नसेल तर तोंडात काहीच घालायचं नाही.

आपला आणि परका हा भेदही आहे. मराठी नाटकाच्या मध्यंतरात कोणी काकू चक्कर येऊन बसल्या, तर दहा हात पुढे येतात, कोणी पर्स सांभाळतं, कोणी मुलाला फोन लावतं, कारण ‘अगं, या लोकमान्य नगरच्या ना?’ अशी ओळख लगेच निघते. याच काकू विजय नगर चौकात पडल्या तर कोण कुठल्या. इंग्लंडमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांसमोर एक जण मुद्दाम घसरून पडला. त्यांच्याच संघाचा शर्ट असला तर भरभरून मदत, लिव्हरपूलचा असला तर फारच कमी. पण आधी ‘आपण सगळेच फुटबॉलवेडे’ अशी भावना जागवली, तेव्हा लिव्हरपूलच्या शर्टालाही हात मिळाला. ‘आपलं’ कोणाला म्हणायचं ती रेघ जरा लांब ओढली, तर माणूस वागतोही तसाच.

आता पोलीस आणि दवाखाना. अमेरिकेतल्या प्रयोगांत हे कुठेच नाही, आणि आपल्याकडे अर्धं उत्तर इथेच दडलेलं आहे. रस्तासुरक्षेवर काम करणाऱ्या सेव्हलाइफ फाउंडेशनने २०१३ साली केलेल्या पाहणीत, गंभीर जखमीला मदत करण्याची शक्यता कमी, असं ७४ टक्क्यांनी सांगितलं. आणि त्यांतल्या बहुतेकांनी कारण दिलं ते कायद्याच्या कटकटीचं. ही भीती उगाच नाही. जखमीला घेऊन आलेल्या पोरांना ‘तू कौन लगता है इसका? पर्चा कौन बनवाएगा?’ असं दारातच विचारलेलं मी ऐकलंय. बायकोचा फोन येतोय, शर्टाला रक्त लागलंय, आणि हा बिचारा खिडकीशी नाव-पत्ता लिहून देतोय. असा माणूस पुढच्या वेळी थांबेल का?

पण आता कायदा त्याच्या बाजूने आहे आणि तो सगळ्यांना ठाऊक असायला हवा. जखमीवर उपचार आधी, पोलिसांचे सोपस्कार नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगितलं होतं. ३० मार्च २०१६ला त्याच न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं आणि २०२० साली त्याचे नियम. थोडक्यात असं: तुम्हाला नाव सांगायची सक्ती नाही. दवाखाना तुम्हाला अडकवून ठेवू शकत नाही, पैसे मागू शकत नाही. साक्ष द्यायची की नाही हे तुम्ही ठरवायचं. दिलीत तर ती एकदाच आणि तुमच्या सोयीने घ्यायची. चांगल्या हेतूने मदत करताना काही कमीजास्त झालं, तरी तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. जखमीला वेळेत दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्राकडून २०२१पासून पाच हजारांचं बक्षीस होतं, २०२५मध्ये ते ‘राह-वीर’ नावाने पंचवीस हजार झालं. त्याच वर्षी अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या कॅशलेस उपचारांची योजनाही आली. हा कायदा रस्त्यावरच्या अपघातांपुरता आहे आणि दारावरच्या गार्डपर्यंत तो पोचलेला असेलच असं नाही. पण ‘एक सौ चौंतीस-ए पता है ना भैया?’ एवढं शांतपणे म्हटलं, तर पुष्कळदा दार उघडतं.

म्हणजे आतापर्यंत काय झालं? कोऱ्या चेहऱ्यांनी घोटाळा केला, जबाबदारी पातळ झाली, घाई होती, पोलिसांची धास्ती होती, आणि पहिली मिनिटं गेल्यावर लाज. यातल्या कशालाच दगड म्हणता येणार नाही. उलट २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लँकेस्टर, अ‍ॅमस्टरडॅम आणि केप टाउनमधल्या सीसीटीव्हीत टिपलेल्या २१९ भांडणांकडे पाहिलं, तर दहांतल्या नऊ वेळा कोणी ना कोणी मध्ये पडलं होतं. आणि माणसं जितकी जास्त, तितकी कोणीतरी पडण्याची शक्यताही जास्त. एकेकट्याचा वाटा घटतो, पण वीस माणसांत एक तरी निघतो. तुमच्याही घोळक्यात निघालाच की. गर्दीवर चिडण्यापेक्षा तिला कामाला लावणं सोपं, हे मी अनुभवाने सांगते.

ते कसं? ‘कोई एम्बुलेंस बुलाओ’ म्हणजे कोणालाच सांगितलं नाही. बोट करा, शर्टाचा रंग सांगा: ‘ओ नीली शर्ट वाले भिया, एक सौ आठ लगाओ, और लगा के मेरे को बताओ क्या बोला.’ हे शेवटचं वाक्य गाळू नका, त्यानेच काम होतं. व्हिडिओवाल्यांवर माझा फारसा राग नाही. त्यांच्या हातात फोन आधीच असतो, बिनकामाचे असतात म्हणून ते शूटिंग करतात. त्यातल्या एकाला ट्रॅफिक बाजूला काढायला लावा, दुसऱ्याला १०८च्या गाडीला हात दाखवायला कोपऱ्यावर पाठवा. मी तर एकाला उन्हाकडे पाठ करून जखमीवर सावली धरायला लावलं होतं, तो गाडी येईपर्यंत जागचा हलला नाही.

मग खाली बसा. डोक्याकडून नव्हे, बाजूने. दोन्ही खांद्यांवर हात ठेवून मोठ्याने विचारा, ‘काका, ऐकू येतंय का?’ उत्तर आलं तर त्यांना हलू नका म्हणून सांगा आणि बोलत राहा. रक्त वाहत असेल तर ओढणी किंवा रुमालाची जाड घडी करून तळहाताने दाबून धरा. थांबलं का ते बघायला सारखी उचलायची नाही, भिजली तर वरून दुसरी घडी. पाणी कोणीतरी आणतंच, ‘पानी पिलाओ’ हा गर्दीचा आवडता उपचार आहे. पाजू नका, पुढे ऑपरेशन लागू शकतं आणि अर्धवट शुद्धीत ते श्वासनलिकेत जातं. हेल्मेट ओढून काढू नका, काच वर करा, पट्टा सैल करा. फिट आलेल्याला कांदा नको, चप्पल नको, दातांत चमचा तर मुळीच नको. कुशीवर वळवा आणि डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवा. उत्तर नाही आणि छातीही वरखाली होत नाही असं दिसलं, तर मात्र वेळ घालवायचा नाही. छातीच्या मध्यभागी तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ, आणि मिनिटाला १०० ते १२०च्या लयीत पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब. बरगडी मोडेल याची भीती सगळ्यांना वाटते. मोडू शकते, आणि ती जुळतेही.

रिक्षात घालून नेणं बरोबर की चूक, हे परिस्थितीवर आहे. मानेला, पाठीला मार असेल आणि १०८ पाच-दहा मिनिटांत येणार असेल, तर उचलू नये. रक्त थांबत नाहीये, गाडीचा पत्ता नाही आणि दवाखाना दोन चौकांवर आहे, तर रिक्षाही चालते. फक्त मान, डोकं, पाठ एका रेषेत धरून चौघांनी उचलावं. तुमच्या रिक्षावाल्याने काय पाहून ठरवलं ते मला माहीत नाही, म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही.

काही ठिकाणी पुढे न होणं हेच शहाणपण. पावसाळ्यात विजेच्या खांबाला चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही, आधी लाइन बंद. तिंछा फॉलसारख्या ठिकाणी बुडणाऱ्यामागे उडी मारायची नाही, ओढणी, दोर, काठी टाकायची. चाकू निघाला असेल तर लांबून ११२ हा पोलिसांचा नंबर लावा आणि आरडाओरडा करा. आणि बाई पडली असेल तर पुरुष हात लावायला कचरतात, इथे हे फारच दिसतं. गर्दीतल्या बाईला हाक मारा, ‘ताई, जरा इकडे या, यांना धरा.’ कोणीच नसेल आणि श्वास बंद असेल, तर न कचरता स्वतः करा.

शेवटी तुम्ही विचारलंय की त्या गृहस्थांना शोधून काढून माफी मागू का. माझ्या मते नको. ते तुमच्या समाधानासाठी होईल, त्यांना त्यातून काही मिळणार नाही. त्यांच्या खरंच उपयोगी पडेल अशी एक गोष्ट मात्र अजून तुमच्या हातात आहे. तुम्ही ती कार पाहिलीय. वाहन सापडलं तर त्यांना अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागता येते. नाही सापडलं, तरी १ एप्रिल २०२२पासूनच्या हिट अँड रन योजनेत गंभीर दुखापतीला पन्नास हजार आणि मृत्यू झाल्यास दोन लाख मिळतात. दोन्हीकडे अपघात कसा झाला हे सांगणारा माणूस फार उपयोगी पडतो. तेव्हा आजच बसून तारीख, वेळ, कारचा रंग, ती कुठून आली, कुठे वळली, नंबरातलं आठवेल तेवढं लिहून काढा, आणि त्या भागाच्या ठाण्यात जाऊन ‘मी पाहिलंय’ म्हणून सांगा. समोरच्या दुकानावर कॅमेरा असेल तर तेही सांगा, ते रेकॉर्डिंग फार दिवस राहत नाही.